न मोजता घेतलेली हजेरी

ऑस्ट्रेलियाहून परत आल्यापासून जो भेटतो तो कांगारूंबद्दल विचारतो. पाहिले कांगारू. पोरं शाळा बुडवून बांधावर बसतात तसे रस्त्याच्या कडेला बसले होते. पण सहा महिने मुलाकडे राहून आले त्यात सांगण्यासारखं जे काही आहे, ते चार दिवसांत झालं. ते दिवस मी अचोलच्या गाडीत, तिच्या मावशीच्या स्वयंपाकघरात आणि एका मिठाच्या तळ्यात घालवले. म्हसवडच्या माझ्या मैत्रिणींना तोंडी सांगितलं तर निम्म्या म्हणाल्या, बाई, लिहून काढा. म्हणून लिहिते.

ट्रुगानिना

माझा मुलगा मंदार मेलबर्नच्या पश्चिमेला ट्रुगानिनात राहतो. नवी वसाहत, आणि घरं इतकी सारखी की पहिल्याच आठवड्यात मी दोनदा शेजारच्या दारात किल्ली फिरवली. दुसऱ्यांदा दार उघडलं ते अचोलने. सहा फूट उंच, हसरी, चाळिशीची बाई. "कम इन, टीचर," म्हणाली. मी शिक्षिका होते हे हिला कसं कळलं म्हणून विचारलं, तर म्हणाली, "तुम्ही दार उघडत नव्हतात, दाराला रागवत होतात."

अचोल दक्षिण सुदानची. लहानपणी लढाईतून पळून केनियातल्या छावणीत वाढली, तिथून इकडे आली, आणि आता पाळणाघरात नोकरी करते. तिच्या गावाला शाळा आहे, म्हणजे एक चिंचेचं झाड आहे आणि मजोक नावाचे एक सर आहेत. गाव दोनदा उठलं, दोनदा परत बसलं. पहिलीपासून पाचवीपर्यंतची पोरं एकाच झाडाखाली, आणि सर एकटे. हे ऐकलं आणि माझे कान टवकारले. माणदेशातल्या वस्तीवर मी एकशिक्षकी शाळा तीस वर्षं चालवली आहे. एका इयत्तेला पाढे लावून दुसरीला शुद्धलेखन कसं द्यायचं, हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक असणार? रोज संध्याकाळी मी अचोलच्या फोनवरून मजोक सरांना युक्त्या सांगू लागले. मंदार म्हणायचा, "आई, उंटावरून शेळ्या हाकतेयस." मी म्हणायचे, हाकल्या जातायत ना, मग झालं.

एक दिवस अचोल कागद घेऊन आली. मेलबर्नमधल्या एका चर्चची छोटी समिती त्या शाळेला दुसरी शिक्षिका द्यायला तयार झाली होती. हे फार मोठं होतं, कारण बाई शिकवायला असेल तरच आया मुलींना पाठवणार, असं सरांनी स्पष्ट कळवलं होतं. अचोलची भाची यार, वय अकरा, एकटीच मुलगी म्हणून काही आठवडे झाडाखाली बसली आणि मग घरी राहिली. बाई आली तर यार शाळेत, नाही तर नाही, इतकं ते सरळ होतं. समितीची अट एकच होती. येणाऱ्या मुलांची नावनिशीवार यादी सोमवार संध्याकाळपर्यंत हवी, आणि सरांनी ती मुलांसमोर वाचून खरी असल्याचं सांगायला हवं.

"मग कर ना यादी," मी म्हटलं.

"होत नाही, टीचर. आया सांगतच नाहीत. सर दारोदार फिरले. सगळ्या म्हणतात, ऑस्ट्रेलियातल्या अदुतला विचारा. ती हो म्हणाली तर सांगू."

अदुत म्हणजे अचोलची मावशी, त्या गावची सगळ्यात थोरली बाई. राहायला मिल्डुरात, सहाएक तासांवर. तिच्याभोवती त्या गावच्या पाचसहा बायका, आणि गावाकडच्या घराघराशी फोनने जोडलेल्या. मावशी फोनवर नुसतं "हं" म्हणायची नि ठेवून द्यायची.

"जाऊ या," मी म्हटलं. सुनेने मला दोनदा विचारलं, नक्की ना? मी तोवर मंदारच्या प्रिंटरवर आपल्या जिल्हा परिषदेच्या धर्तीचं हजेरीपत्रक आखायला बसले होते. रकाने सरळ, शेवटी एकूण पटसंख्या. पट पक्का तर शाळा पक्की, हे मी तीस वर्षं साहेबांकडून ऐकलं आणि दुसऱ्यांना ऐकवलं. कुणाच्या घरी मोकळ्या हाताने जायचं नाही, म्हणून इंडियन दुकानातून पाच किलो ज्वारीही घेतली. अचोल म्हणाली की मावशीला ज्वारी म्हणजे जीव की प्राण.

सी लेक, शुक्रवार

बॅलरॅट मागे पडलं आणि देश सपाट होत गेला. सप्टेंबर म्हणजे तिथला वसंत. कनोला नावाचं मोहरीच्या जातीचं पीक फुललं होतं. पिवळं किती असावं याला काही मर्यादा? आमच्याकडे एवढं रान एका रंगाचं दिसलं की समजायचं, कुसळं वाळली. इथे ताशी शंभरने गाडी धावतेय आणि अर्धा तास झाला तरी पिवळं संपत नाही. मधेच एखादं गाव, गावात चार दुकानं, आणि देवळाच्या शिखरापेक्षा उंच धान्याची कोठारं. त्या कोठारांवर चित्रं काढलेली. सी लेक गावात एका कोठारावर झाडाला झोका बांधलेली मुलगी आहे, पाठमोरी, तळ्याकडे बघणारी. मान मोडेपर्यंत वर बघत राहिले. धान्य साठवायच्या जागेवर एवढी मोठी मुलगी काढावी असं ज्याला सुचलं, त्याचं मला कौतुक वाटलं.

तेवढ्यात डोक्यावर फटका बसला. मॅगपाय नावाचा काळापांढरा पक्षी, आपल्या डोमकावळ्याच्या आकाराचा. वसंतात अंडी राखतो आणि येणाऱ्याजाणाऱ्याच्या टाळक्यावर झडप घालतो. मी ज्वारीची पिशवी डोक्यावर धरून पळाले. अचोल गाडीला टेकून हसत होती. "इकडे सगळे त्याला घाबरतात, टीचर. पोस्टमनसुद्धा."

गावाबाहेर लेक टिरेल आहे. तळं म्हणायचं, पण पाणी घोट्यापेक्षा कमी, खाली पांढरं मीठ, आणि पलीकडचा काठ दिसत नाही. वारा पडलेला होता. ढग वर होते आणि तेच ढग खाली होते. मध्ये रेघ असते ती पुसली गेली होती. अचोल चपला काढून आत चालत गेली आणि पन्नास पावलांवर मला कळेना की ही उभी कशावर आहे. मी दुष्काळी मुलखातली. पाणी बघून मला नेहमी आधी प्रश्न पडतो, किती दिवस पुरेल. त्या संध्याकाळी तो पडलाच नाही. मी साडी वर खोचून आत गेले, एक चप्पल चिखलाने गिळली, आणि तरीही मी ओठ बंद ठेवून उभी राहिले. जे मला ओळखतात त्यांना याचं मोल कळेल.

"आमच्याकडे पूर आला की असंच दिसतं," अचोल म्हणाली. "फक्त त्यात गुरं असतात."

मिल्डुरा, शनिवार

मिल्डुरा मरी नदीकाठी. द्राक्षांच्या बागा, संत्र्यांच्या बागा, आणि रस्त्यावर बेदाण्याचे फलक. तासगावात आल्यासारखं वाटलं. वाटेत उयेन गावात व्हॅनिला स्लाइस खाल्ला होता. खाज्यासारखे दोन पापुद्रे आणि मधे खरवसासारखं पिवळं थरथरतं काहीतरी. निम्मा पोटात गेला, निम्मा पदरावर.

अदुतमावशी सत्तरीच्या पुढची, काठीसारखी ताठ. कपाळावर जुन्या गोंदणासारखे वण. इंग्रजी येत नाही, पण ज्वारीची पिशवी बघितल्यावर जे हसली त्याला भाषांतर लागलं नाही. मूठभर दाणे तळहातावर घेऊन फुंकर मारली, एक दाताखाली धरला. आमच्याकडे बाजारात बाई अगदी अशीच ज्वारी बघते. जेवायला किस्रा, म्हणजे आंबवलेल्या ज्वारीच्या पिठाचं पातळ धिरडं, आणि शेंगदाण्याच्या कुटातली भेंडी. मी चार धिरडी खाल्ली. एका परक्या देशात, तिसऱ्याच देशातली बाई मला माझ्या आजोळची चव वाढत होती. डोळे भरून आले, ते लपवायला पाणी प्यायले.

इथवर सगळं सुरळीत होतं. मग मी हात दाखवून अवलक्षण केलं.

आमच्या खेड्यात दोन बायका भेटल्या की पहिला प्रश्न कोणता असतो? तोच मी विचारला. "मुलं किती तुम्हाला?" अचोलने भाषांतर केलं. मावशी गप्प. मला वाटलं, ऐकू आलं नाही. अंगणात शेजारणींची मुलं खेळत होती. मी हजेरीपत्रक टेबलावर उघडलं आणि उदाहरण म्हणून त्यांच्याकडे बोट करत मोठ्याने म्हटलं, "एक, दोन, तीन, चार..."

मावशी उठली. अंगणात जाऊन तिने सगळी मुलं घरात बोलावली. मग माझ्या पुढची ताटली उचलली, आत गेली आणि खोलीचं दार लावून घेतलं.

अचोल मावशीशी दाराआडून बोलत होती. मी गाडीत जाऊन बसले. तासाभराने ती आली आणि गाडी नदीवर नेली. मरी तिथे रुंद आणि संथ आहे, दोन्ही काठांवर पांढऱ्या बुंध्यांची प्रचंड झाडं. मला त्यातलं काही धड दिसत नव्हतं.

"मला माहीत असायला हवं होतं, टीचर," अचोल म्हणाली. "मी लहान निघाले, अर्ध्या गोष्टी शिकलेच नाही. आमच्या गावच्या जुन्या बायका गुरं मोजत नाहीत, लेकरं तर नाहीच. मोजलं की कमी होतात म्हणतात."

मी म्हणणार होते, अगं, अंधश्रद्धा आहे ती. तोंड उघडलंही होतं.

"छावणीत एक कारकून वही घेऊन आला होता," ती पुढे म्हणाली. "धान्य द्यायचं म्हणून मोजायचं होतं. मावशीने मुलं रांगेत उभी केली, त्याने बोट करून पाच मोजली. पावसाळ्यानंतर परत आला, तेव्हा तीन मोजली."

मी तोंड मिटलं. सोमवारला दोन दिवस उरले होते आणि दार मी स्वतःच्या हाताने बंद करून ठेवलं होतं. त्या पलीकडे यार होती. लाज वाटली. इतकी की मंदारचा फोन आला तो उचलला नाही.

रविवार

सकाळी त्यांचं चर्च सुटल्यावर माफी मागायला गेले. मावशीने दार उघडलं, खुर्ची दिली, चहा दिला. पाहुण्याला घालवून देणं त्यांच्यातही बसत नाही. पण माझ्याकडे बघितलं नाही. पाचसहा शेजारणी आल्या होत्या, रंगीबेरंगी कपड्यांत, मोठमोठ्याने बोलत. मी आत आले तशा हळू झाल्या.

मावशीने पिशवीतली ज्वारी सगळ्यांना वाटायला काढली आणि एक मग माझ्यापुढे सरकवला. आणणारीनेच वाटावं, असा रिवाज असावा. मी मग भरला, पहिल्या बाईच्या डब्यात ओतला, आणि सवयीने पुटपुटले, "लाभ." दुसरा ओतला. "दोन." तिसरा. "तीन."

"टीचर," अचोल म्हणाली. "पहिल्याला काय म्हणालात? एकाला तुम्ही तसं म्हणत नाही. मंदारच्या मुलीला शिकवता ते मी ऐकलंय."

मी थांबले. आयुष्यभर म्हणत आले, पण कुणी विचारलं नव्हतं. मग सांगितलं. आमच्याकडे धान्य मापताना पहिल्या मापाला एक म्हणत नाहीत, लाभ म्हणतात. सासूबाई सांगायच्या, घरातल्या धान्याला एकटं पाडू नये, उतरण लागते. खाणाऱ्याच्या भाकऱ्या मोजू नयेत. दिवा विझला म्हणू नये, बांगडी फुटली म्हणू नये, वाढली म्हणावं. हे सांगता सांगता माझ्याच लक्षात येत गेलं की मी कुणाला काय सांगतेय.

अचोलने भाषांतर केलं. बायका हसल्या, एकीने टाळी दिली. मावशीने पहिल्यांदा माझ्याकडे नीट बघितलं आणि एक वाक्य बोलली.

"ती म्हणते," अचोल अडखळली, "म्हणजे तुला कळतं. आणि तरी मोजलंस?"

"नोकरीत सवय लागली," मी म्हटलं. "चुकलं माझं." हात जोडले. मावशीने माझे जोडलेले हात तिच्या हातांत घेतले आणि बराच वेळ सोडले नाहीत.

मग मी यारबद्दल बोलले. म्हटलं, मला आकडा नको. नुसती नावं हवीत, कारण नाव घेतल्याशिवाय मुलाला शाळेत बोलावणार कसं? एकूणचा रकाना मी कोरा ठेवीन. मावशी आत गेली आणि मण्यांचा डबा घेऊन आली. तिच्या अटी सोप्या होत्या. आकडा कुणी बोलायचा नाही. बाईने नाव सांगायचं, मी लिहायचं, आणि मावशीने एक मणी ओवायचा. माझं हजेरीपत्रक कागदाचं, तिचं दोऱ्याचं.

पुढचे तीन तास माझ्या आयुष्यातले फार मोठे. बायकांनी गावाकडे फोन लावले. मावशी प्रत्येक फोनवर दोन शब्द बोलायची आणि पलीकडून नावं यायला लागायची, दोन लढाया आणि दोन खंड ओलांडून, भेंडीचा वास येणाऱ्या त्या खोलीत. आणि नावं कसली, तर गुरांच्या रंगांची. मबिओर म्हणजे पांढरा बैल. मलुअल म्हणजे तांबडा. मजोक, आपले सर, म्हणजे काळापांढरा. यार म्हणजे पांढरी गाय. मला राहवेना. "ढवळ्या!" मी ओरडले. "तांबड्या! बांड्या!" खिलारांच्या मुलखातली बाई मी. हे सगळे बैल माझ्या वडिलांच्या दावणीला होते. मी प्रत्येक नावाला मराठी रंग सांगू लागले, अचोल त्यांच्या भाषेत सांगे, आणि बायका पोट धरून हसत. मावशी रंग पाहून मणी निवडत होती. एका वेळी दोन देशांतले गोठे डोळ्यांसमोर उभे राहिले आणि मी त्या बायकांकडे बघत राहिले. यांचं गाव दोनदा जळलं. घराघरातलं पोर न् पोर कुठे आहे, कुणाकडे आहे, कशाने आजारी आहे, हे यांना इथे संत्री तोडता तोडता पाठ होतं. मी तीस वर्षं पट सांभाळला, पण कागद बाजूला ठेवून मला तो असा कधी सांगता आला नसता.

हे सगळं सुरू व्हायच्या आधी एक झालं होतं, ते सांगायचं मागे ठेवलं. मावशीने दोरा हातात घेतला आणि कुणी बोलायच्या आत स्वतःच दोन मणी ओवले, एक तांबडा, एक निळा. "मलुअल," ती म्हणाली. "अबुक." आणि माझ्या पेनाकडे बघत थांबली.

"कोणत्या घरची?" मी विचारलं.

अचोलचा चेहरा बघितला आणि छावणीतला तो कारकून आठवला.

मी माझ्या पटावर एकही खोटं नाव कधी चढवलं नाही. पटपडताळणीला साहेब आले आणि बाकीच्या शाळांतून घाम फुटला, तेव्हा मी चहा करत होते. त्या गोष्टीचा मला अभिमान आहे, आणि तो मी चारचौघांत मिरवतेही. यादी खरी हवी होती. एका नावावरून समितीने शंका घेतली तर यारचं काय? पेन हातात तसंच राहिलं. मावशी वाट बघत होती, विनवत नव्हती.

मग मी पानाच्या अगदी वर, पहिल्या ओळीच्याही वर, जिथे आपण श्री लिहितो आणि जिथे मी या परक्या कागदावर काहीच लिहिलं नव्हतं, तिथे मधोमध दोन नावं लिहिली. तिथे अनुक्रमांक नसतो. मावशीला वाचता येत नव्हतं. तिने बोटाने अक्षरांवरून हळूच हात फिरवला आणि दोरा पुढे घेतला.

सोमवार, चार वाजता

पुढचं आधी सांगून टाकते, म्हणजे कुणाच्या जिवाला घोर नको. समितीला मी यादी पाठवली आणि लिहिलं की बेरीज तुमची तुम्ही करा, फक्त आमच्यासमोर करू नका. वरची दोन नावं कुणाची, तेही लिहिलं. त्यांनी होकार कळवला. मी परत यायच्या आधी नव्या बाई रुजू झाल्या होत्या. पहिल्याच आठवड्यात त्यांनी निरोप धाडला की दुसरीला पाढे लावले की पहिली बोंबलते, काय करू? मी ताबडतोब उत्तर दिलं.

पण सोमवारचं राहिलंच. मिल्डुरात दुपारचे चार म्हणजे तिकडे सकाळचे आठ. आम्ही सगळ्या मावशीच्या टेबलाभोवती बसलो, फोन मधोमध. यादीचा फोटो सरांकडे रात्रीच पोहोचला होता. चित्र काही येईना, नुसता आवाज. कोंबडा आरवला, कुणीतरी खोकलं, आणि खूप मुलं गप्प बसल्यावर जी कुजबुज असते ती ऐकू आली. ती मी जगात कुठेही ओळखीन.

मावशी टेबलाशी आली नव्हती. खिडकीशी पाठ करून बसली होती, मण्यांचा दोरा मांडीवर.

मजोक सर तरुण, ते जन्मायच्या आधीच्या गोष्टी त्यांना कुठून माहीत असणार? त्यांनी पान वरपासून वाचायला घेतलं.

"मलुअल."

कुणी बोललं नाही. चिंचेखाली पोरं एकमेकांकडे बघत असतील. सरांनी परत हाक मारली, जरा मोठ्याने. अचोलने फोनकडे हात नेला, त्यांना थांबवायला. तेवढ्यात खिडकीशी मावशी तिच्या भाषेत एक शब्द बोलली. तो मला कुणी सांगावा लागला नाही. तीस वर्षं रोज सकाळी मी तो ऐकलाय.

हजर.

मग सर म्हणाले, "अबुक."

"हजर," मावशी म्हणाली.

मी पेन उचललं आणि श्रीच्या जागी लिहिलेल्या त्या दोन्ही नावांपुढे हजेरीची खूण केली. तोवर सर पुढच्या नावावर गेले होते. "यार," असं त्यांनी म्हटलं मात्र, फोनमधून एक मुलगी अशी ओरडली की अचोल दचकली आणि शेजारणी हसत रडत एकमेकींच्या अंगावर पडल्या. तिच्या नावापुढची खूण मी फोनकडे बघतच केली. रकान्याबाहेर गेलेली ती माझ्या हातची पहिलीच हजेरी.